कुलूप शाबूत, कोयंडा जमिनीवर: घर बंद करताना या चुका टाळा

घरफोडीची बातमी कुठल्याही मराठी पेपरात वाचा, वाक्य ठरलेलं असतं: "दाराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी घरात प्रवेश केला." वर्षानुवर्षं वाचूनही त्यातला कोयंडा आपल्या डोक्यात शिरत नाही. माझ्या डोक्यात तो शिरला गणपतीत, भांडुपला आमच्याच मजल्यावर चोरी झाली तेव्हा. समोरचं बिऱ्हाड कणकवलीला गेलेलं. दाराला आठ लिव्हरचं जाडजूड कुलूप. सकाळी पाहिलं तर ते कुलूप बंदच होतं, त्यावर ओरखडाही नव्हता, फक्त ते कोयंड्यासकट जमिनीवर पडलं होतं. कोयंड्याचे चार स्क्रू शेजारीच. प्रत्येक जेमतेम अर्ध्या इंचाचा, आट्यांत लाकडाचा भुसा अजून अडकलेला. बाराशेचं कुलूप आठ रुपयांच्या स्क्रूंवर लटकत होतं.

चोर कुलपाशी झटापट करत बसत नाही. कटावणीचं टोक कोयंड्याखाली घालतो आणि अंगाचा भार टाकतो. म्हणून नवं कुलूप घ्यायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि आपल्या दाराचा एक स्क्रू काढून बघा. चौकटीच्या बाजूला दोन-अडीच इंचाचे स्क्रू हवेत. दाराच्या फळीची जाडीच सव्वा-दीड इंच, तिथे लांब स्क्रू बसणार नाही. तिथे आरपार नट-बोल्ट घालायचा, नट आतल्या बाजूला. सुतार "कशाला साहेब, आतून दिसेल" म्हणतो. दिसू दे.

लॅच नुसता ओढून घेणं

ही मुंबईची खास सवय. लोकल पकडायची घाई, दार मागे ओढलं, 'खट्' वाजलं, झालं. पण त्या 'खट्'ने फक्त तिरकी जीभ बसते, तीही स्प्रिंगवर. दार आणि चौकट यांत फट असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने ती मागे ढकलता येते. चावीने बाहेरून फेरे दिल्यावरच ती अडकून बसते किंवा आतला जाड बोल्ट बाहेर येतो.

आता यातली खरी गोम. पावसाळ्यात दार फुगतं आणि चावीचा दुसरा फेरा बसेनासा होतो. जूनपासून आपण तो सोडून देतो आणि दिवाळी आली तरी परत सुरू करत नाही. किंवा भर जुलैत सुतार बोलावून दाराला सढळ हाताने रंधा मारून घेतो. मग थंडीत लाकूड सुकतं आणि चोराच्या पट्टीला हवी तेवढी फट आपणच तयार करून ठेवलेली असते. रंधा मारण्याआधी बोल्टच्या टोकाला थोडं काजळ लावा, फेरा द्यायचा प्रयत्न करा, चौकटीवरच्या पत्र्याला डाग कुठे पडतो ते पाहा. बहुतेक वेळा दार नव्हे, पत्र्याचं भोक एक-दोन मिलिमीटर कानशीने वाढवायचं असतं. कुलूप अडकत असेल तर खोबरेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड घाला.

सेफ्टी डोअरवर भिस्त

बाहेरचं जाळीचं दार हवेसाठी छान. पण जाळीतून हात जाऊन आतली कडी निघते का, हे स्वतः बाहेर उभं राहून करून बघितलंय का? बोटं जात नसतील तर वाकवलेली तार जाते. दुसरं म्हणजे हे दार बाहेर उघडतं, म्हणून त्याच्या बिजागऱ्याही बाहेर असतात. पिना ठोकून काढता येत असतील तर कुलूप कितीही भारी असो, दार दुसऱ्या बाजूने उघडतं. वेल्डिंगवाल्याकडून पिनेच्या दोन्ही टोकांना एकेक टाका मारून घ्या.

आणि ज्यांच्या दाराला बाहेरून जुनी कडी आहे, त्यांनी घरात असतानाही जपावं. शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग बंद घर फोडायचं, ही चोरट्यांची जुनी रीत आहे. आवाज ऐकू येतो, पण बाहेर पडता येत नाही. रात्री झोपताना बाहेरच्या कोयंड्यात एक छोटं कुलूप नुसतं लटकवून बंद करा. कडी बसतच नाही.

"आम्ही गावाला आहोत" अशी पाटी

पाटी कोणी लावत नाही, पण दाराला अडकवलेली दुधाची पिशवी तेच काम करते. आज एक पिशवी, उद्या दोन, परवा वास. सोबत कडीत खोचलेले पेपर आणि भरदुपारी जळणारा पॅसेजमधला दिवा. गणपतीत आणि मे महिन्यात चाळींचे अख्खे मजले कोकणात रिकामे होतात, तेव्हा कुठलं दार बंद आहे हे ओळखायला हुशारी लागत नाही. त्यात आपण पहाटे रिक्षात बॅगा चढवताना वॉचमनला मोठ्याने सांगतो, "काका, दहा दिवस लक्ष ठेवा हां!" ते अख्खी गल्ली ऐकते. तळकोकणातला समुद्र स्टेटसला टाकायचा असेल तर परत आल्यावर टाका, समुद्र कुठे जात नाही.

दूध-पेपर बंद करण्यापेक्षा शेजारच्या वहिनींना घ्यायला सांगणं बरं. एका दिव्याला टायमरचा प्लग लावून संध्याकाळी सात ते अकरा तो चालू राहील असं करा. बाहेर कुलूप दिसू नये म्हणून घराला आतल्या लॅचचे पूर्ण फेरे देऊन जाणं उत्तम. पोलीस ठाण्यात बीटवरच्या अंमलदाराला तारखा सांगून ठेवता येतात. लोक लाजतात, का ते कळत नाही.

चौथा मजला म्हणून निर्धास्त

एरवी ठीक. पण इमारतीला रंगकामासाठी परांची बांधली की पहिला आणि चौथा मजला सारखाच. वर हिरवी जाळी असते, आत कोण चढतंय हे रस्त्यावरून दिसत नाही, आणि दिसलं तरी कामगार असेल असंच वाटतं. परांची असेपर्यंत रात्री स्लाइडिंग खिडक्या उघड्या ठेवायच्या नाहीत, मे महिना असला तरी. खिडकीच्या रुळात मापाने कापलेली लाकडी पट्टी घाला, काच सरकत नाही. सोसायटीने कंत्राटदाराकडून कामगारांची यादी आणि फोटो घ्यावेत, आणि खालच्या टप्प्यावरच्या शिड्या संध्याकाळी काढून ठेवायला सांगावं.

परांची नसली तरी डक्टमधले ड्रेनेजचे पाइप आहेतच. तिथून बाथरूमच्या लुव्हरपर्यंत पोचलं की काचेच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या खाचेतून एकेक करून सरकतात, फोडाव्याही लागत नाहीत. आतून ग्रिल हवीच. मात्र घराच्या सगळ्या ग्रिल्स पक्क्या वेल्ड करू नका. आग लागली तर त्याच ग्रिलमागे आपण अडकतो. एका खिडकीला आतून उघडणारी झडप ठेवा आणि तिची चावी कुठे आहे हे आजीलाही माहीत असू द्या.

चाळीत आणि तळमजल्यावर प्रश्न वेगळा. सकाळी पाणी येतं, दार उघडं टाकून आई मोरीत, बाकीचे झोपेत, आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल दाराजवळच्या प्लगला. यासाठी कटावणी लागत नाही.

चावीवाला घरात

कपाटाच्या लॉकरची चावी अडकते, खाली "चावीए..." अशी आरोळी येते, आपण वर बोलावतो. तो चावी तापवायला गॅस मागतो, तेल मागतो, पाणी मागतो. प्रत्येक वेळी आपण स्वयंपाकघरात. शेवटी चावी कुलपात अडकवून म्हणतो, "गरम आहे ताई, दोन तास हात लावू नका, मग उघडा." दोन तासांनी लॉकर उघडतो तेव्हा बांगड्या नसतात. कपाटाचं काम दुकान असलेल्या माणसाकडून करून घ्या, आधी लॉकर रिकामा करा, तेही जमत नसेल तर खोलीत दोघांनी थांबा. पाणी कोणीतरी दुसरं आणेल.

जादा चावी चपलांच्या कपाटात, मीटर बॉक्समध्ये किंवा तुळशीच्या कुंडीखाली ठेवणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद लिहीत नाही.

कॅमेरा बसवून विसरणं

कॅमेरा छताला चिकटवला की त्यात टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. तो नजरेच्या जरा वर, येणाऱ्याच्या तोंडासमोर हवा. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, हॉलमध्ये टीव्हीखाली असेल तर चोर तोही घेऊन जातो. पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर आजच बदला. आणि महिन्यातून एकदा कालचं रेकॉर्डिंग खरंच दिसतंय का, तारीख-वेळ बरोबर आहे का, ते बघा. आमच्या सोसायटीचा कॅमेरा त्या गणपतीत चालू होता. हार्ड डिस्क बंद होती.

चोरी झाल्यावरची चूक

घर विस्कटलेलं पाहून पहिला हात आवरायलाच जातो. आवरू नका. दाराच्या मुठीला, कपाटाला हात लावू नका, बाहेर या, 112 लावा. बोटांचे ठसे आपणच पुसतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. मोबाइल गेला असेल तर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो आयएमईआय क्रमांकाने, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने, बंद करता येतो. घराचा विमा असेल तर फुटलेल्या दाराचे फोटो काढून ठेवा, कारण घरफोडीच्या बऱ्याच पॉलिस्यांत जबरदस्तीने शिरल्याची खूण मागतात. दागिन्यांचे फोटो आणि बिलं मात्र आधीच काढलेली असावी लागतात. रोज न लागणारं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे तिथे चोरी किंवा दरोडा झाला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. सोन्याच्या भावापुढे ती रक्कम तोकडी, पण घरच्या कपाटाला तेवढीही हमी नाही.

समोरच्या काकांनी नंतर दाराला आरपार बोल्टचा कोयंडा बसवून घेतला. कुलूप तेच जुनं ठेवलंय. त्याचं काही बिघडलंच नव्हतं.