पॅकेज घेण्यापूर्वी ते सुटे करून पाहावे

इंटरनेट, टीव्ही आणि फोन एकाच बिलात देणारे पॅकेज आपल्या घराला परवडते की नाही, हे जाहिरातीतल्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी ते आधी सुटे करावे लागते. मी हा हिशेब वर्षाचे पैसे एकरकमी भरून झाल्यावर केला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठ दिवस असताना, आम्ही गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीच्या सामानाच्या गडबडीत असताना, गोव्यात फोंड्याला आमच्या दारात एक विक्रेता आला, घर पाहुण्यांनी भरणार हे त्यानेच आम्हाला सांगितले, आणि आम्ही माना डोलावल्या. म्हणून पुढील सगळी कामे विक्रेता दारात येण्यापूर्वीच उरकावीत.

टीव्हीजवळ एक कागद ठेवावा आणि आठवडाभर, ज्याने जो चॅनल लावला त्याने त्याचे नाव त्यावर लिहावे. आमच्या कागदावर अकरा नावे जमली, त्यांपैकी चार विनाशुल्क चॅनलांची होती. पॅकेजमध्ये मात्र तीनशेहून अधिक चॅनल होते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची नवी चौकट १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाल्यावर केबल आणि डीटीएचच्या ग्राहकाला प्रत्येक सशुल्क चॅनल जाहीर किमतीला सुटा घेण्याचा हक्क मिळाला आहे. त्यावर चॅनल घरापर्यंत पोहोचवण्याचे, म्हणजे नेटवर्कचे, शुल्क वेगळे पडते. ते पूर्वी २०० चॅनलांपर्यंत १३० रुपयांहून अधिक घेता येत नसे. २०२४ च्या जुलैत ही मर्यादा काढण्यात आली, त्यामुळे आपल्या केबलवाल्याचा आजचा दर त्यालाच विचारावा. पॅकेजमधला टीव्ही ॲपमधून येणार असेल, तर सुट्या चॅनलचा हा नियम तेथेही चालेल असे गृहीत धरू नये.

गोव्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. जत्रेचे थेट प्रक्षेपण आणि गावोगावच्या बातम्या दाखवणारे स्थानिक चॅनल आपल्याला केबलवर दिसतात, म्हणून ते सगळीकडे असतीलच असे नाही. केबल काढून टाकल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या नेहमीच्या बातम्या मागितल्या, तेव्हा आम्हाला हे समजले.

फोनच्या बाबतीत मात्र घाई अजिबात करू नये, कारण पॅकेजमध्ये ‘मोफत’ म्हणून येणारी लँडलाइन आणि आपल्या आठवणीतली लँडलाइन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला लागणारी वीज त्याच तारेतून टेलिफोन एक्स्चेंजमधून येत असे, त्यामुळे आषाढात माड पडून वाड्यावरची वीज दोन दोन दिवस गेली तरी तो फोन वाजत असे. फायबरच्या काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवरची डबी आणि राउटर आपल्या घरच्या विजेवर चालतात, आणि ती गेली की ‘मोफत’ फोनही मुका होतो. घरात वृद्ध माणसे एकटी राहत असतील आणि मोबाइलला धड रेंज नसेल, तर राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, घेण्याचा खर्च या फोनच्या किमतीत धरलाच पाहिजे. (आमच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात रेंजच्या दोन काड्या येतात, त्याही पाऊस नसताना.) शिवाय मोबाइल क्रमांक जसा एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो तसा गोव्याचा ०८३२ ने सुरू होणारा लँडलाइन क्रमांक नेता येत नाही, म्हणून वीस वर्षे नातेवाइकांकडे आणि बँकेत दिलेला क्रमांक सोडण्यापूर्वी एकदा थांबावे. साधा मोबाइल वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज उपलब्ध ठेवणे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आहे. ते पुष्कळदा विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

वेगाविषयी थोडक्यात. एमबीपीएसमधल्या, म्हणजे सेकंदाला मेगाबिटमधल्या, आकड्याला आठाने भागले की एका सेकंदात जास्तीत जास्त किती एमबी (मेगाबाइट) उतरतील ते कळते, म्हणजे १०० एमबीपीएसला साडेबारा. एचडी चित्रपटाला पाचेक एमबीपीएस पुरतात. दोन माणसे चित्रपट पाहत असताना तिसरे ऑनलाइन मीटिंगमध्ये असले तरी ४० ची जोडणी पुरी पडते. इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या ओटीटी सेवांच्या चिन्हांची रांग दाखवली गेली तर प्रत्येकासाठी विचारावे की ही वर्गणी टीव्हीवर चालते की फक्त मोबाइलवर, आणि किती महिन्यांसाठी आहे.

आता हिशेब, आमच्याच घराचा. पॅकेज महिन्याला ९९९ रुपयांचे होते. १८ टक्के जीएसटी धरून ते ११७९ झाले. सुटे घेतले असते तर ४० एमबीपीएसचे इंटरनेट ४९९, नेटवर्क शुल्क १३० आणि कागदावरच्या सात सशुल्क चॅनलांचे ९०, असे ७१९ रुपये, करासह ८४८. दरमहा ३३० रुपयांचा, म्हणजे वर्षाला जवळजवळ चार हजारांचा फरक आम्ही न पाहिलेल्या चॅनलांसाठी आणि कर्ज विकणाऱ्यांचेच कॉल येणाऱ्या फोनसाठी भरला. मडगावला माझ्या बहिणीकडे मात्र हाच हिशेब उलटा निघाला: तिथे दोन ओटीटी रोज पाहिले जातात, मुले घरून अभ्यास करतात, आणि दोन्ही वर्गण्या वेगळ्या घेतल्या तर पॅकेजहून महाग पडतात. तिने पॅकेज घेतले, ते योग्यच केले.

हिशेब पॅकेजच्या बाजूने लागला तरी विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर थांबू नये. पहिली मुदत संपल्यावरचा दर, किती डेटानंतर वेग किती उतरतो, मध्येच बंद केल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का, आणि राउटर व सेट टॉप बॉक्स कोणाच्या मालकीचे, ही चार उत्तरे व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी मागावीत. लेखी देण्यास टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजावे. पहिल्या वर्षी एकरकमी भरण्याऐवजी, थोडे महाग पडले तरी, तीन महिन्यांचे पैसे भरावेत आणि ते तीन महिने शक्यतो पावसाळ्यातले निवडावेत. विजेच्या खांबांवरून लोंबत आलेली फायबर जून-जुलैत किती वेळा तुटते आणि दुरुस्तीला माणूस कितव्या दिवशी येतो, हे त्यातच कळते.

तक्रार करताना तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. टेलिफोन किंवा इंटरनेटच्या तक्रारीचे निवारण झाले नाही, तर हाच तक्रार क्रमांक देऊन कंपनीच्या अपील यंत्रणेकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीला आणि दक्षिण गोव्याचा मडगावला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही. जोडणी सोडताना राउटर परत केल्याची सही-शिक्क्याची पावती घ्यावी. आम्ही ती घेतली नव्हती, आणि परत नेलेल्या त्याच राउटरचे पैसे आमच्याकडे पुढे दोन वेळा मागण्यात आले.