स्टेशनरी आयात करताय? आधी खोडरबर कशाचा आहे ते बघा

मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर सगळा माल ‘स्टेशनरी’ या एकाच नावाने विकला जातो, पण कस्टमच्या टॅरिफमध्ये, म्हणजे आयात शुल्काच्या यादीत, या नावाचं एकच शीर्षक नाही; प्रत्येक वस्तूचा चार अंकी कोड वेगळा. बॉलपेन ९६०८, पेन्सिल ९६०९, वही-डायरी ४८२०, हाताने फिरवायचं शार्पनर ८२१४. स्टेपलर ८४७२ मध्ये जातो, त्याच्या पिना मात्र ८३०५ मध्ये! सगळ्यात फसवं प्रकरण खोडरबराचं. व्हल्कनाइज्ड रबराचा असेल तर ४०१६. व्हिनाइल प्लॅस्टिकचा असेल तर ३९२६. दिसायला दोन्ही पांढरे आणि पाकिटावर ‘इरेजर’ एवढंच, म्हणून पुरवठादाराकडून तो कशाचा बनला आहे हे लेखी घ्या.

मुक्त व्यापार कराराची शुल्क सवलत हवी असेल तर फक्त मूळ देशाचं प्रमाणपत्र पुरत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून ‘कॅरोटार’ नियम, म्हणजे अशा करारांखाली मालाचा मूळ देश तपासण्याचे कस्टमचे नियम, लागू आहेत. माल त्या देशाचा कसा ठरतो, ही माहिती फॉर्म १ प्रमाणे आयातीआधीच तुमच्याकडे हवी आणि संबंधित कागद बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरणपत्र) भरल्यापासून किमान पाच वर्षं जपायचे. आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) कराराच्या सर्वसाधारण नियमात ३५ टक्के मूल्यवर्धन आणि कच्च्या मालापेक्षा तयार मालाचा सहा अंकी कोड बदलणं, दोन्ही लागतं. चीनहून तयार पेनं थायलंडला नेऊन नुसती नव्या खोक्यात भरली तर ती थायलंडची होत नाहीत, एजंट काहीही सांगो.

कोडबद्दल शंका असेल तर बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमध्ये अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे (मालाचा कोड आधीच ठरवून देणारी संस्था) अर्ज करता येतो. तो न्हावा शेवा बंदराला कंटेनर लागण्याआधी करा.