रझाकारीतील घरची हकीकत चित्रकथेत कशी मांडावी

मराठवाड्यातील अनेक घरांत रझाकारीची, म्हणजे हैदराबादच्या निजामी राज्यात रझाकार या सशस्त्र संघटनेने केलेल्या छळाच्या काळाची, आठवण एका वाक्यात सांगितली जाते: रात्री गाडी जुंपली आणि बार्शी गाठली. हे वाक्य चित्रकथेत आणायचे असेल, तर सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले, त्याने घरात ऐकलेले आणि आपण अंदाजाने भरलेले, असे तीन भाग आधी वेगळे करावेत. गद्यात हे तिन्ही सहज मिसळतात. चित्रात मात्र पाहिलेल्या प्रसंगाला शाईची ठळक रेघ, ऐकलेल्याला पेन्सिलीची रेघ आणि जे ठाऊकच नाही त्याला रिकामी चौकट दिली, की वाचकाला फरक आपोआप कळतो. छळाची हकीकत याच शिस्तीमुळे विश्वासार्ह ठरते, असे माझे ठाम मत आहे.

१९४८ साली सात वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून विचारायला उशीर करू नये. ‘काय झाले?’ असे विचारल्यास तेच जुने वाक्य परत मिळते. त्यापेक्षा ढाळजेतून (वाड्याच्या दारालगतच्या बैठकीतून) आत कसे जायचे, जनावरे कोठे बांधत, माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) कोण निजत असे, गाडीत काय घेतले आणि मागे कोण राहिले, असे विचारावे आणि वाड्याचा नकाशा त्यांच्याच हाताने काढून घ्यावा. दारे-जिने आठवू लागले की माणसेही आठवतात. पुढे चित्रातील नजर त्या मुलाच्या उंचीवर ठेवावी. कडब्याआड लपवलेल्या मुलाला बैलांचे पाय आणि कंदिलाचा उजेड एवढेच दिसले असेल, तर चौकटीतही तेवढेच यावे. हल्लेखोरांचे चेहरे आपण जोडू नयेत.

काळाचे तपशील तपासावेत. घरावर उतरती कौले नकोत, मातीचे सपाट धाबे हवे. कचेरीची पाटी उर्दूत असेल, ती जाणकाराकडून लिहून घ्यावी. नकाशात लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात दाखवावे आणि निजामी राज्याची सीमा ठळक काढावी, कारण बार्शी त्या सीमेपलीकडे, मुंबई प्रांतात होती, हे कळल्याशिवाय कुटुंब तिकडे का धावले ते समजत नाही.

कथा १७ सप्टेंबर १९४८ या दिवशीच संपवू नये. १३ सप्टेंबरला सुरू झालेल्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, निजाम शरण आला, पण त्यानंतर अनेक मुस्लिम कुटुंबांवर हत्या आणि लुटीचा प्रसंग आला. या हिंसेची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची गणना केली आहे. आपले कुटुंब अशा झळ बसलेल्या कुटुंबांपैकी असेल, तर हीच पद्धत वापरावी; नसेल, तर त्या आठवड्यांत आपल्या माणसांनी गावात काय पाहिले, हेही विचारावे आणि उत्तर अवघड असले तरी त्याला पान द्यावे.

गावात दोन्ही बाजूंचे वंशज आजही शेजारी राहतात, त्यामुळे नावे बदलावीत. शाई लावण्यापूर्वी कच्ची पाने सांगणाऱ्यापुढे ठेवून एकेक चौकट वाचून दाखवावी, ‘असे नव्हते’ म्हटले तेथे पुन्हा काढावी, आणि जी चौकट नको म्हटली ती वगळावी.