मुलगी सिस्टर व्हायचे म्हणते तेव्हा: सोलापूरच्या कॅथलिक पालकांसाठी

बारावीचा निकाल लागून आठवडा झालेला असतो, पुढच्या प्रवेशाची चर्चा चाललेली असते आणि रात्री जेवताना मुलगी सांगते की तिला सिस्टर व्हायचे आहे. अशा वेळी घरात सहसा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर आई रडू लागते आणि मावशी स्थळ शोधायला लागते. नाही तर वडील दुसऱ्याच रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात पेढे वाटतात. माझ्या मते दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. रडणारी आई कालांतराने सावरते, पण पेढे वाटून झाल्यावर मुलीला दोन वर्षांनी परत यावेसे वाटले तर तिला चर्चच्या आवारातूनच मान खाली घालून जावे लागते. धर्मसभेने हा मार्ग मुद्दाम लांब ठेवला आहे आणि त्यावर परतीचे दरवाजेही ठेवले आहेत. घरच्यांनी तेवढेच करावे: घाई करू नये आणि आपल्या बाजूचे दार बंद करू नये.

पहिली अडचण शब्दाचीच येते. सोलापुरात ‘सिस्टर’ म्हटले की शेजाऱ्यांना दवाखान्यातली परिचारिका आठवते. ख्रिस्ती नातेवाईकांपैकी जे अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतले आहेत, त्यांच्या चर्चमध्ये व्रतस्थ धर्मभगिनी ही कल्पनाच नसते, त्यामुळे त्यांनाही समजावून सांगावे लागते. थोडक्यात सांगायचे तर धर्मभगिनी म्हणजे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता ही तीन व्रते जाहीरपणे घेऊन एखाद्या धर्मसंघात इतर भगिनींबरोबर सामुदायिक जीवन जगणारी स्त्री. ‘नन’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. काटेकोरपणे तो मठाच्या बंदिस्त आवारात राहून प्रार्थनेला वाहून घेतलेल्या भगिनींसाठी आहे, आणि शाळा, दवाखाने, वस्त्या यांत काम करणाऱ्या त्या सिस्टर.

कोणता धर्मसंघ, हे आधी विचारावे

मुलीला बहुधा तिच्या शाळेतल्या किंवा धर्मग्रामातल्या एखाद्या सिस्टरचा लळा लागलेला असतो, आणि त्या ज्या संघाच्या त्याच संघात तिला जायचे असते. हे स्वाभाविक आहे, पण पुरेसे नाही, कारण त्या सिस्टरची बदली होईल आणि संघ मात्र जन्मभर राहील. प्रत्येक धर्मसंघ एका विशिष्ट हेतूने स्थापन झालेला असतो आणि त्याचे रोजचे जीवन त्या हेतूभोवती गुंफलेले असते. मदर तेरेसांनी १९५० साली कोलकात्यात स्थापन केलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनी तीन व्रतांखेरीज चौथे व्रत घेतात, ते गरिबांतल्या गरिबांची मनापासून आणि विनामूल्य सेवा करण्याचे. डॉ. आना डेंगेल यांनी १९२५ साली सुरू केलेल्या मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ वैद्यकीय सेवेसाठीच जन्माला आला. त्या काळी धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्राचे काम करता येत नसे आणि रोमने ती परवानगी १९३६ साली दिली. डॉटर्स ऑफ सेंट पॉल हा १९१५ साली इटलीत सुरू झालेला संघ पुस्तके आणि प्रसारमाध्यमांचे काम करतो. कार्मेलच्या बंदिस्त मठातली भगिनी यांपैकी काहीही करत नाही. प्रार्थना हेच तिचे काम. जिला माणसांत राहिल्याशिवाय करमत नाही, तिने कार्मेलचा विचार करण्यापूर्वी, आणि जिला शाळेच्या गोंगाटाने डोके दुखते तिने शिक्षिकांच्या संघाचा विचार करण्यापूर्वी, थोडे थांबलेले बरे.

सोलापूर पुणे धर्मप्रांतात येते. हा धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला आणि पुण्यात अनेक संघांची घरे आहेत. त्यामुळे चौकशीसाठी फार लांब जावे लागत नाही. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून एका दिवसात दोन कॉन्व्हेंटांना भेट देऊन परतता येते. तत्पूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या फादरांशी बोलावे. ते ओळखीचे पत्र देतील आणि पुढे मुलीविषयी त्यांचे मतही विचारले जाईल.

कॉन्व्हेंट पाहताना काय पाहावे

संघ मुलींना काही दिवस राहायला बोलावतात. ‘या आणि पाहा’ असेच त्याला म्हणतात आणि तेवढ्यासाठीच ते असते, त्यामुळे कशाचीही बांधिलकी मानू नये. दिवसाचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो: पहाटे पाचच्या सुमारास उठणे, चॅपलमध्ये मौन ध्यान, प्रातःप्रार्थना, पवित्र मिस्सा, न्याहारी, मग शाळा, दवाखाना किंवा वस्तीतले काम, संध्याकाळी जपमाळ आणि सायंप्रार्थना, रात्रीच्या जेवणानंतर एकत्र बसून थोडा विरंगुळा आणि झोपण्यापूर्वीची प्रार्थना. पाहुण्या मुलीला चॅपलमधली शांतता भारून टाकते, यात नवल नाही. मात्र समुदायाचे खरे रूप जेवणाच्या टेबलावर आणि त्या विरंगुळ्याच्या तासात दिसते. चार राज्यांतल्या पाच स्त्रिया, ज्यांनी एकमेकींना निवडलेले नाही, एका छताखाली राहतात. त्या एकमेकींशी कशा बोलतात, एखादी चिडली तर बाकीच्या काय करतात, आजारी वृद्ध सिस्टरच्या खोलीत कोण किती वेळा डोकावते, हे मुलीने डोळे उघडे ठेवून पाहावे आणि घरी येऊन सांगावे.

व्रतांचा रोजचा अर्थही तिथेच कळतो. दारिद्र्य म्हणजे उपाशी राहणे नव्हे. वैयक्तिक मालकीचे काही न ठेवता बसभाड्यालासुद्धा घराच्या सामाईक पैशातून मागून घेणे. आज्ञाधारकता अधिक बोचते. सहा वर्षे खपून एखाद्या सिस्टरने विडी वळणाऱ्या बायकांचे बचत गट उभे केलेले असतात, त्यांच्या मुलींना रात्रीच्या अभ्यासवर्गाला बसवलेले असते, आणि एके दिवशी प्रॉव्हिन्शियलचे, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुख सिस्टरचे, बदलीचे पत्र येते. ती दोन बॅगा भरून निघते. मुलीने कोणत्याही सिस्टरला त्यांची सर्वांत अवघड बदली कोणती होती, हे विचारावे. उत्तरातून पुष्कळ काही समजते.

पालकांनीही प्रश्न विचारावेत आणि ते साधे असावेत. प्रशिक्षणाचे घर कोणत्या राज्यात आहे? तिथे जेवताना कोणती भाषा बोलतात? सोलापूरच्या एकाच बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकत वाढलेली मुलगी भाषा लवकर उचलते, हा तिचा मोठा गुण आहे. तरीही आजूबाजूला सगळ्याजणी एकाच अनोळखी भाषेत हसत असताना पहिले सहा महिने फार एकटे वाटते. जेवणाचेही तसेच. रोज भात खाणाऱ्या घरात ज्वारीच्या भाकरीची आठवण येते, आणि ती आठवण श्रद्धा कमी असल्याची खूण नसते. शिक्षण पुढे चालू राहील का, हेही स्पष्ट विचारावे. अनेक संघ आज बारावी किंवा पदवी पूर्ण झाल्याशिवाय मुलीला घेतच नाहीत. संघाने तसा आग्रह धरला नाही तर तो पालकांनी धरावा.

टप्पे आणि त्यांचे नियम

१९८३ च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे धर्मसभेच्या स्वतःच्या कायद्याच्या, संहितेने किमान नियम घालून दिले आहेत आणि प्रत्येक संघाचे संविधान त्यांत भर घालते. सुरुवातीला उमेदवारीचा काळ असतो, त्याची लांबी संघागणिक बदलते. त्यानंतर येते नॉव्हिशिएट, म्हणजे व्रते घेण्यापूर्वीचे प्रशिक्षण. त्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. नॉव्हिशिएट निदान १२ महिन्यांचे असते आणि ते दोन वर्षांहून लांबवता येत नाही. मुलीच्या योग्यतेविषयी शंका उरली तर तिला पारखण्यासाठी फार तर आणखी सहा महिने देता येतात. या १२ महिन्यांत मुलगी नॉव्हिशिएटच्या घराबाहेर सलग किंवा तुटक मिळून तीन महिन्यांहून अधिक राहिली तर ते नॉव्हिशिएट वैध ठरत नाही, आणि १५ दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाल्यास ती भरून काढावी लागते. म्हणून त्या वर्षी चुलत भावाच्या लग्नाला किंवा गड्ड्याच्या यात्रेला तिला बोलावण्याचा हट्ट धरू नये.

त्यानंतर पहिली व्रते होतात. वय किमान १८ लागते. ही व्रते तात्पुरती असतात. त्यांचा काळ तीन वर्षांहून कमी नसतो आणि साधारणतः सहा वर्षांपर्यंत असतो. गरज पडल्यास तो एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवता येतो. मुदत संपली की ती मुलगी मोकळी असते: तिला पुढे जायचे नसेल तर ती निघू शकते. कायमची व्रते २१ वर्षांच्या आधी घेता येत नाहीत, आणि प्रत्यक्षात ती बहुतेक जणी बऱ्याच उशिरा घेतात. बळजबरी, भीती किंवा फसवणूक करून घेतलेली व्रते वैधच नसतात. हा नियम संघाप्रमाणे घरच्यांनाही लागू पडतो, कारण नवस फेडण्यासाठी मुलीला कॉन्व्हेंटात पाठवणारे आईवडील मी पाहिले आहेत.

कागदपत्रे फारशी नसतात: बाप्तिस्मा आणि दृढीकरण यांचे दाखले, ती अविवाहित असल्याचे पत्र, आरोग्य तपासणीचा अहवाल, शाळेचे दाखले आणि आधार. मूळ गुणपत्रिका घरीच ठेवून प्रती द्याव्यात. तिची कायमची व्रते झाल्यावर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये केली जाते, म्हणून बाप्तिस्मा दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये झाला असेल तर तिथला पत्ता संघाला आधीच द्यावा.

पैसा आणि जमीन

हा विषय कोणी काढत नाही आणि नंतर त्यावरूनच भावाभावांत वाद होतात. सर्वसाधारण नियम असा: पहिल्या व्रतांपूर्वी मुलगी आपल्या मालमत्तेचा कारभार तिला योग्य वाटेल त्या व्यक्तीकडे सोपवते आणि कायमच्या व्रतांपूर्वी देशाच्या कायद्यानेही ग्राह्य ठरेल असे मृत्युपत्र करते. म्हणजे सातबारावर तिचे नाव असले म्हणून ती जमीन आपोआप संघाची होत नाही. मात्र काही संघांत मालकी पूर्णपणे सोडावी लागते, तेव्हा संविधानातली ती तरतूद वाचूनच पुढे जावे. व्रतांनंतर ती स्वतःच्या कष्टाने जे मिळवते, ते संघाचे होते. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार संघाकडे जातो. तरीही त्या पगारातून आयकर आधीच कापला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे.

याचीच दुसरी बाजू पालकांनी जाणून घ्यावी. जी संघ सोडते, तिला केलेल्या कामाचा मोबदला हक्काने मागता येत नाही. संघाने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे, एवढेच कॅनन कायदा सांगतो. वीस वर्षे शिकवून परतलेल्या स्त्रीच्या हाती यामुळे थोडेच पडू शकते. म्हणून तिची पदवी पूर्ण झालेली असणे आणि घरात तिच्यासाठी एक खोली असणे, या दोन्ही गोष्टींची व्यवस्था तिच्या जाण्यापूर्वीच करावी आणि तिला तसे सांगावे.

निघताना

सामानाची यादी संघाकडून येते आणि ती छोटी असते. सोने देऊ नये, तिथे त्याचा उपयोग नाही. सोलापुरी चादर मात्र कोणी नाकारत नाही; द्यायची तर एक तिच्यासाठी आणि एक घरासाठी द्यावी, म्हणजे तिची वेगळी वाटणार नाही. शेंगदाण्याची चटणीही सगळ्यांना पुरेल एवढी बांधावी. फोन कोणत्या दिवशी, किती वाजता करता येईल आणि वर्षातून घरी किती दिवस पाठवतात, हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावे. पहिल्या महिन्यात तिने फोनवर रडत परत यायचे म्हटले तर लगेच गाडी पकडू नये आणि ‘आता माघार नाही’ असेही म्हणू नये. नॉव्हिस मिस्ट्रेसना किंवा प्रशिक्षण पाहणाऱ्या सिस्टरना फोन करून तिची विचारपूस करावी आणि पुढच्या फोनची वेळ ठरवून घ्यावी.