बडोद्याहून नाशिकच्या वायनरीत: टेस्टिंग आणि जेवणाची सहल कशी आखावी

ही सहल परतीपासून मागे मोजत आखायची. गुजरातेत दारूबंदी आहे आणि सुरत-सापुतारा-वणी-दिंडोरी या वाटेने नाशिक पावणेचारशे ते चारशे किलोमीटर पडतं. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा वायनरीचा, तिसऱ्या दिवशी सकाळी परत, असे दोन मुक्काम धरा. शनिवार-रविवारात कोंबलं की टेस्टिंगनंतर लगेच गाडीत बसावं लागतं आणि घोटाळा तिथेच होतो. वाटेत सप्तशृंगीला जायचं असेल तर दर्शन पहिल्या दिवशी उरकून घ्या.

कधी जावं

जानेवारी ते मार्च. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर घड धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोडणीला येतात. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, पण वेलीवर द्राक्ष नसतं आणि यंत्रंही बहुधा बंद असतात.

एक तारीख मात्र हमखास फसवते. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या की लोक ऐन हंगामात निघतात आणि त्या दिवशी ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद, असतो. निवडणुकीच्या वेळचे ड्राय डे वेगळेच. बुकिंगच्या फोनवर हे आधी विचारा. त्याच फोनवर टूरची वेळ, टेस्टिंगमध्ये किती वाइन आहेत, शाकाहारी जेवण काय मिळेल आणि मुलांना आत सोडतात का, एवढं विचारून घ्या. मधल्या वारी, सकाळी अकराच्या आसपासची टूर घ्यावी. रविवारी दुपारी गर्दीत काउंटरवरच्या माणसाला तुमच्या प्रश्नांसाठी वेळ नसतो. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे, तेव्हा वयाचा पुरावा प्रत्येकाने जवळ ठेवावा.

गाडी कोण चालवणार, हे घरूनच ठरवून निघा. चाखायला साधारण ३० मिली ओततात. सहा वाइन म्हणजे १८० मिली, म्हणजे हॉटेलातल्या एका भरल्या ग्लासापेक्षा जास्तच, आणि वाइनमध्ये अल्कोहोल १२ ते १४ टक्के असतं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची. ड्रायव्हर न पिणारा हवा, नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणाहून टॅक्सी करा.

सकाळचं खाणं

रिकाम्या पोटी जाऊ नका आणि झणझणीत खाऊनही जाऊ नका. बडोद्याची सवय म्हणून सकाळीच तर्रीदार सेव उसळ किंवा नाशिकची मिसळ हाणली, तर जीभ बधिर राहते आणि सगळ्या वाइन सारख्याच लागतात. इडली, पोहे, दही-भात चालेल. पान, मुखवास, अत्तर त्या दिवशी नको. अत्तराचा त्रास शेजारच्यालाही होतो.

टूरमध्ये काय पाहावं

परवानगी घेऊन वाइनच्या द्राक्षाचा एक मणी हातात घ्या. बाजारातल्या थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षापेक्षा तो लहान असतो, साल जाड आणि आत बिया. शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षाचा काळा मणी चिमटला तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग सालीत असतो, म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटसाठी रस आधी पिळून वेगळा काढतात. तोडणीच्या दिवसांत रेडच्या टाकीत वरून डोकावू दिलं तर जरूर बघा: आंबताना निघणारा वायू सालींना वर ढकलतो, त्यांचा जाड थर तरंगत राहतो आणि खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा त्यावर सोडतात. ते केलं नाही तर थर सुकतो, बिघडतो, आणि रंगही नीट उतरत नाही. ओकच्या पिपांपाशी किती दिवस ठेवता, असं विचारा. नेहमीच्या पिपात २२५ लिटर मावतं, म्हणजे साधारण ३०० बाटल्या.

चाखताना

क्रम असा: आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग कोरडी म्हणजे गोड नसलेली व्हाइट, रोझे (गुलाबी), हलकी रेड, भारी रेड आणि शेवटी गोड. क्रम उलटला तर गोडानंतरची कोरडी वाइन नुसती आंबट लागते, आणि रेडमधलं टॅनिन, कोऱ्या कडक चहाने जीभ ओढली जाते तसला तुरटपणा, व्हाइटची चव मारून टाकतं.

ग्लास दांडीला धरा. पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग बघा, फिरवा, वास घ्या. सॉव्हिन्यॉ ब्लाँ या व्हाइट वाइनमध्ये कच्चा पेरू, ढोबळी मिरची असा हिरवट वास येतो. शिराझमध्ये बऱ्याचदा काळी मिरी. मग लहान घोट, चार-पाच सेकंद तोंडात फिरवून. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कसलाही संकोच नको. चाखणारे जाणकार तेच करतात. प्रत्येक वाइननंतर पाणी प्या.

वाइन बेचव लागली तर बाटली कधी उघडली ते विचारा. कालची उघडी बाटली मरगळलेली लागते, नवी उघडून मागायला हरकत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष, व्हिनेगरचा आला तर वाइन बिघडलेली. मार्चच्या दुपारी रेड नुसतीच जळजळीत वाटली तर ती तापलेली असते. दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा. रेडला १५ ते १८ अंश, व्हाइटला ८ ते १२ अंश बरे.

जेवण

टेस्टिंगनंतर अर्ध्या तासाने बसा. तिखटाबरोबर टॅनिन असलेली रेड घेतली की तोंड पेटतं. तिखट भाजी, कबाब यांच्याबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन घ्या. हिरवी चटणी, भजी, तळलेले मासे यांना सॉव्हिन्यॉ ब्लाँ. शिराझ मटणाला किंवा मशरूम, वांग्याला. दोघांत एक ग्लास पुरे. काही वाइन गाळताना अंड्याचा बलक नसलेला भाग किंवा माशाचा अंश वापरतात, म्हणून कडक शाकाहारी असाल तर हे आधीच विचारून ठेवा.

परत येताना

बाटली गाडीत नको. सीलबंद असो, भेट मिळालेली असो की अर्धी उरलेली, गुजरात हद्दीत ती सापडली की गुन्हा होतो, महाराष्ट्रातलं बिल दाखवून सुटका नाही. प्यायलेल्या अवस्थेत हद्द ओलांडणंही अंगाशी येतं. म्हणून मधली रात्र. निघण्यापूर्वी डिकी, मुलांच्या पिशव्या आणि सीटखालची जागा एकदा बघून घ्या. आठवण म्हणून रिकामी बाटलीही नको, तळाशी थेंब राहतातच. बडोद्याला न्यायचं तर ग्लास न्या, बेदाणे, नाशिकचा चिवडा, आणि हंगाम असेल तर दिंडोरीच्या रस्त्यावर दोन-तीन किलो ताजी द्राक्षं. ती सुपात किंवा उथळ खोक्यात एकाच थरात ठेवा. पिशवीत भरली तर सापुताऱ्याच्या घाटातच खालचे घड चेपतात.