कॅलेथियाच्या पानांच्या कडा जळत होत्या, त्यावरचा उपाय

इंदूर, उत्तरेकडची गॅलरी, थेट ऊन अजिबात नाही. तरी कॅलेथियाच्या (घरात ठेवायचं शोभेच्या पानांचं झाड) पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत व्हायच्या, नवं पान उलगडतानाच टोक वाळलेलं. जास्त पाणी देऊन पाहिलं, रोज फवारा मारला, गांडूळखतही घातलं. फरक शून्य. जीव रडकुंडीला आला होता.

खरी खूण कुंडीच्या काठावर होती: पांढरी, खरखरीत पापडी. बोअरच्या जड पाण्यातले क्षार मातीत साचत होते. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो, क्षार तिथेच राहतात.

मग केलं ते असं. आधी वरची बोटभर माती काढून टाकली. कुंडी मोरीत ठेवून आरओचं शुद्ध पाणी हळूहळू ओतलं, कुंडीच्या साधारण तिप्पट, आणि पूर्ण निथळू दिलं. (आरओमधून वाया जाणारं पाणी चुकूनही नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.) नंतर माती बदलली: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग परलाइट (पाणी निथळायला मदत करणारे हलके पांढरे खडे). कोकोपीट आधी भिजवून दोनदा पिळायचं, त्यातही मीठ असतं. माळव्याची काळी माती यात नको, ती पाणी धरून ठेवते.

आता बोटाचं पहिलं पेर कोरडं लागलं की आरओचं किंवा पावसाचं पाणी, आणि ताटलीत उतरलेलं लगेच फेकायचं. नवी पानं येईपर्यंत खत बंद. जळलेल्या कडा हिरव्या होत नाहीत. नव्या पानावरूनच ठरवा. माझी नवी पानं टोकापर्यंत हिरवीगार आहेत.