नाताळच्या बाजारासाठी कलांचो: सप्टेंबरच्या मध्यापासून झाकणी

चवथीची आरास उतरली की रोपवाटिकावाल्यांनी कलांचो या कुंडीतल्या फुलझाडाकडे वळावे. नाताळात फुललेल्या कुंडीला गिऱ्हाईक मिळते, पण हवामानावर सोडलेले झाड आपल्याकडे गोव्यात बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत फुलते. तोवर सण उरकलेला असतो.

हे मूळचे मादागास्करचे झाड रात्र लांबली की कळी धरते. व्यापारी लागवडीत त्याला रोज सलग 14 तास काळोख देतात, तोही सुमारे सहा आठवडे. गोव्यात ऐन डिसेंबरातली रात्रसुद्धा 13 तासांच्या आतच असते, म्हणून कमी पडणारा काळोख काळ्या कापडाने भरून काढायचा. झाकणी सुरू केल्यापासून फूल यायला 10 ते 12 आठवडे धरा. म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला हात घातला तरच गणित जुळते. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या झालेल्या असाव्यात, आणि शेंडे खुडायचे राहिले असतील तर आता खुडू नका.

बाहेरच्या माहितीपत्रकांत संध्याकाळी पाचला झाका असे असते. आपल्याकडे पाचला उन्हाची धग उतरलेली नसते, कापडाखाली झाड उकडते आणि उष्म्याने कळी मागे पडते. त्यापेक्षा सहाला झाका आणि सकाळी आठला उघडा. सकाळचा गारवा कामी येतो. प्लास्टिक नको, आत घाम धरतो; जाड काळे सुती कापड दुहेरी घ्या. आत उभे राहून वर बघा. टाचणीएवढी उजेडाची भोके दिसली तर ठिगळ लावा. रस्त्याचा दिवा किंवा वाड्यावर दिवाळीसाठी नरकासुराचा पुतळा बांधणाऱ्या पोरांचा हॅलोजन दिवा रात्रभर रोपांवर पडला तर सगळी मेहनत फुकट.

पाणी सकाळीच, तेही मातीचा वरचा थर सुकल्यावर. कलांचोच्या कुळातली झाडे पानांची छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात, दिवसा पाणी राखून ठेवतात, त्यामुळे त्यांची तहान कमी. संध्याकाळी पाणी घालून वर कापड ओढले की बुडखा काळा पडून मऊ होतो. असे झाड उपटून फेका, औषधाने ते परतत नाही. पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, तेव्हा वर पारदर्शक छप्पर आणि कुंड्या जमिनीपासून उंच हव्यात. कुंडीत चिऱ्याचा जाडसर चुरा, नदीची वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत पुरे. किनाऱ्यावरची वाळू खारट, ती नको.

पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने पुसा. मॅलॅथिऑनसारखी औषधे या कुळाला मानवत नाहीत. कडुलिंबाचे तेलही आधी एखाद्या झाडावर मारून दोन-चार दिवस बघा.

एचेव्हेरियाच्या देखण्या गुलाबवाट्या घाटावरून ट्रकने येतात. त्यांना गार रात्री लागतात. किनारपट्टीच्या दमट उष्म्यात त्या टिकवणे कठीण, तेव्हा मोठा माल भरू नका. जाड पानांचे जेड मात्र बिनधास्त ठेवा, उघड्या पावसात तेवढे नको.

कुंपणाच्या चिऱ्यांवर आपोआप वाढणारी पानफुटी याच कुळातली. पान पडले तरी कडेने रोपे फुटतात, त्यामुळे छाटलेला पाला गोठ्याच्या बाजूला टाकू नका. कलांचो आणि पानफुटी दोन्ही गुरांना विषारी, फुलोरा सर्वांत जास्त. त्याचा परिणाम हृदयावर होतो. खाल्ल्याचा संशय आला तर पशुवैद्याला लगेच बोलवा.